आठव्या गाण्याचा शेवट

१

नवरा शाळेत गेला आणि सासूबाई पुढच्या खोलीत विणकाम घेऊन बसल्या, की ती मागच्या खोलीत यायची, दार ओढून घ्यायची आणि कानांवर हेडफोन चढवायची. ही खोली म्हणजे तिचा स्टुडिओ. भिंतींना जाड फोम, खिडकीला दुहेरी काच, टेबलावर दोन स्पीकर आणि एक खुर्ची, जी पोट वाढेल तशी टेबलापासून मागे सरकत चालली होती. पाचवा महिना लागला होता. एरवी ती जाहिरातींचे आवाज साफ करायची, कोणी पुस्तक वाचून रेकॉर्ड केलं असेल तर त्यातलं खाकरणं, आवंढे गिळणं काढून टाकायची. या महिन्यात मात्र घरचंच कार्य निघालं होतं, नवऱ्याचा अल्बम.

नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. सुट्ट्यांमध्ये तोच माणूस तोंडाला काळा-पांढरा रंग फासून ब्लॅक मेटल वाजवायचा. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे ड्रम, त्यावर गिटारींची भणभण आणि मधोमध कोणीतरी बेंबीच्या देठापासून किंचाळतंय, असा तो प्रकार. गिटार वाजवणारा आणि किंचाळणारा एकच होता. नवऱ्याचा कॉलेजपासूनचा मित्र, हाडकुळा, डोक्याचा चकोट केलेला, म्हणून सगळे त्याला कवट्या म्हणायचे. स्टेजवर तो स्वतःला हिमसम्राट म्हणवून घ्यायचा आणि घरात मांजर आलं की खुर्चीवर पाय घेऊन बसायचा.

कवट्या गेली कित्येक वर्षं एक जाडजूड कादंबरी लिहीत होता. बर्फातून चालत निघालेलं एक मेलेलं सैन्य, त्याच्यापुढे एक ढोलकरी, आणि जोवर ढोल वाजतोय तोवर सैन्य चालतंय, अशी काहीतरी भानगड. अल्बम त्याच कादंबरीवर होता. गाणी आठ होती, सुरुवातीचं सोडलं तर एकापेक्षा एक वेगवान.

तिचं काम सोपं होतं. ड्रम नीट बसवायचे, गिटारींची गर्दी पांगवायची, किंचाळण्यातले शब्द निदान कवट्याच्या आईला तरी कळतील इतपत करायचे. ड्रम ऐकायला घेतले आणि ती चपापली, कारण ते फारच छान होते.

नवऱ्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. तेव्हापासून त्याचा पाय मागे पडायचा. थोडासाच, पण तिच्या कानाला तेवढं पुरायचं. कवट्या तिला कानसेन म्हणायचा ते उगीच नाही. आणि इथे एकाही गाण्यात तो पाय मागे पडला नव्हता. एवढ्या वेगात तर धडधाकट माणसाचीही दमछाक झाली असती. हा लबाडी करतोय, तिच्या मनात आलं. ड्रम वाजवणारं मशीन लावलंय आणि मला सांगत नाहीये.

२

चहाच्या वेळी तिने विषय काढला. तो वह्या तपासत होता.

"एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"रागावण्यासारखं असेल तर रागावेन."

"हे ड्रम तूच वाजवलेस?"

"मग काय कवट्याने? त्याला टाळ्यासुद्धा तालात वाजवता येत नाहीत."

"मशीन लावलं असशील तर सांग. मी काही गावभर करणार नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. त्याला लागलं होतं, ते तिला दिसलं.

"तू माहेरी होतीस तेव्हा अख्खी सुट्टी त्या स्टुलावर काढलीये मी," तो म्हणाला. "आईला विचार. तिने कानात बोळे घातले होते. आणि तुला तर कळतं ना सगळं, मग नीट ऐक. स्टूल करकरतंय, माझा श्वास येतोय, एके ठिकाणी तर मी शिवी पण घातलीये."

"पण तुझा गुडघा?"

"तेच तर ना. क्लिक इतका छान होता की पाय आपोआप पडत गेले. दुखायचंही कळलं नाही."

ताल सुटू नये म्हणून वाजवणाऱ्याच्या कानात जी टकटक सोडतात, तिला ही मंडळी क्लिक म्हणतात. तो माइकवर येत नाही, अल्बममध्ये नसतो, फक्त वाजवणाऱ्यालाच ऐकू येतो.

"कुठला क्लिक?" तिने विचारलं.

तो हसला. "वा, तूच बनवलास आणि मलाच विचारतेस?"

तिला आठवायला थोडा वेळ लागला. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा बाळाचे ठोके ऐकवले, तेव्हा नवऱ्याने ते फोनवर रेकॉर्ड केले होते. अर्धंच मिनिट, त्यातही डॉक्टरबाईंचा आवाज आणि कोणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज. दोघांच्या सामाईक फोल्डरमध्ये ते टाकून तो म्हणाला होता, ह्याचा क्लिक बनवून दे, आपल्या पिल्लाच्या तालावर वाजवतो. ती हो म्हणाली आणि विसरून गेली. त्या दिवसांत तिला पाण्याचा घोटही पचत नव्हता. दुसऱ्याच आठवड्यात ती माहेरी गेली.

"मी नाही बनवला रे," ती म्हणाली.

"बरं बरं. मग बाळाने बनवला असेल." त्याने पुढची वही ओढली. तो तिची गंमत करत होता, आणि ती आपली गंमत करतेय असं त्याला वाटत होतं.

३

फोल्डरमध्ये आठ फाइली होत्या.

तिने हेडफोन लावले आणि पहिली सुरू केली. काहीच नाही, पार शेवटपर्यंत. अल्बमच्या पहिल्या गाण्यात ड्रम नव्हतेच, नुसता वारा आणि गिटार, त्यामुळे ते ठीक होतं. दुसरीतही बराच वेळ काही नव्हतं. मग मध्येच, कुठूनतरी खोलातून आल्यासारखे, ठोके सुरू झाले. तिसरीत ते सगळ्यात जलद होते. पुढे हळूहळू थोडे निवत गेले. नवऱ्याने एका ठोक्यात चार-चार फटके मारले होते, म्हणून गाणी इतकी सुसाट वाटत होती.

कोणीतरी त्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला तुकडा जोडून लांबवलं असणार, ती स्वतःला म्हणाली. जोड शोधणं म्हणजे तिचा हातखंडा. आवाज मोठा करून, पडद्यावर रेषा ताणून ताणून, ती सकाळभर जोड शोधत बसली. जोड कुठेच नव्हता. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. डॉक्टरबाईंचा आवाज नव्हता, खुर्ची नव्हती. पाचवीत एका ठिकाणी ठोके अडखळत होते. दोन पटकन, मग क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सुरळीत. असं मुद्दाम कोण करेल?

तिने कवट्याला फोन लावला.

"भावजी, क्लिक तुम्ही बनवलात का?"

"मी? वहिनी, मला अजून ईमेलला फोटो जोडता येत नाही."

"मग कोणी बनवला?"

"तुम्हीच ना. त्याने मला सांगितलं, बायकोने सरप्राइज दिलंय. डोळ्यांत पाणी होतं हो त्याच्या."

तिने फोन ठेवला. दोघांपैकी एकजण खोटं बोलत होता, किंवा दोघेही, मिळून. पहिलटकरणीची अशी थट्टा करताना लाज वाटायला हवी होती, असं तिला वाटलं. फार राग आला तिला. तो राग तिने सहाव्या महिन्यापर्यंत पुरवून वापरला.

४

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी नव्हती. डॉक्टरबाईंनी पोटावर गार जेल लावलं, ते छोटं यंत्र फिरवलं आणि खोली ठोक्यांनी भरून गेली. नवरा बाजूच्या स्टुलावर बसला होता.

"छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी हवं तसं."

तिला ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. बाळाचे ठोके सारखेच वाटणार, त्यात काय, असं म्हणून तिने मान वळवली आणि तिची नजर नवऱ्याच्या हातांवर गेली.

ड्रम वाजवणाऱ्या माणसाची बोटं कधी स्वस्थ नसतात. घड्याळाची टिकटिक ऐकली तरी ती चाळा करतात. त्याची बोटं गुडघ्यावर वाजत होती, एका ठोक्याला चार, अगदी हलकी. तो स्वतः भिंतीवरच्या बाळाच्या चित्राकडे बघत होता, त्याचं लक्षच नव्हतं. मध्येच त्याची बोटं थबकली. उजव्या हाताची दोन बोटं पटकन आपटली, हात क्षणभर हवेत राहिला आणि मग पुन्हा वाजू लागला.

त्यानंतर यंत्रातले ठोके अडखळले. दोन पटकन, क्षणभर काहीच नाही, मग पुन्हा सुरळीत.

"हललं बाळ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घाबरू नका, हे असं होतं."

घरी आल्या आल्या तिने सहावी फाइल लावली. गाण्याच्या मध्यावर ती अडखळ होती. त्याने ती सुट्टीत शंभरदा वाजवली होती, म्हणून बोटांना पाठ झाली होती. बाळाने ती आज पहिल्यांदा केली होती.

मग तिला पाचव्या महिन्यातली भेट आठवली. तेव्हाही डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हललं बाळ.

महिन्यामागे एक गाणं, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. शिकल्यासवरलेल्या माणसाने असले हिशेब करायचे नसतात. पण तरी तिने बोटांवर मोजलं. पहिल्या महिन्यात हृदय नसतंच, म्हणून तिथे काही नाही. दुसऱ्यात मध्येच सुरू होतं. तिसऱ्यात सगळ्यात जलद.

गाणी आठच होती.

५

आठवं गाणं एकाएकी थांबतं, हे तिला माहीत होतं. गिटार, किंचाळणं, ड्रम, सगळं भरात असताना कापल्यासारखं बंद. आतापर्यंत तिला ती युक्ती आवडायची.

आता तिने नुसता क्लिक लावून ऐकला. ठोके ऐन भरात होते आणि मग नव्हते. पुढे पडद्यावर सरळ रेघ होती.

"आठवं गाणं तू मध्येच का थांबवलंस?" तिने नवऱ्याला विचारलं. तो स्वयंपाकघरात भांडी विसळत होता.

"मी कुठे थांबवलं?"

"तूच वाजवत होतास ना?"

"क्लिक थांबला म्हणून मी थांबलो. मला वाटलं, तुला तसं हवंय." तिचा चेहरा बघून त्याने नळ बंद केला. "काय झालं?"

तिने सांगितलं, सगळं. तो ओल्या हातांनी ऐकत राहिला. हसला नाही. पण त्याने तिचा हात ज्या काळजीने धरला, त्यावरून तिला कळलं की त्याला काळजी तिचीच वाटतेय. सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. "मी पहिल्यापासून सांगतेय," त्या म्हणाल्या, "पोटात लेकरू असताना हे असलं ऐकायचं नसतं. मनावर परिणाम होतो." आणि मुलाकडे बघून त्यांनी मान हलवली.

म्हणजे आता घरात वेडी तीच ठरली होती. दुसऱ्या दिवशी ती कवट्याच्या घरी गेली. त्याने चहात चार चमचे साखर घातली आणि मांजर नाही ना, ते खुर्चीखाली बघून घेतलं.

"भावजी, आठव्या गाण्याचा शेवट बदलायचा. ड्रम थांबता कामा नयेत."

"वहिनी, असं कसं? कादंबरीचा शेवटच तो आहे. सैन्य नदीपाशी येतं, ढोल थांबतो, सगळे जागच्या जागी निजतात."

"मग कादंबरी बदला. तुम्हीच लिहिलीत ना?"

तो चहा ढवळू लागला.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "शेवट मला सुचतच नव्हता. त्याने आठवं गाणं वाजवलं, मी तिथेच समोर बसून ऐकत होतो. ड्रम थांबले, आणि मला वाटलं, अरे, हाच तर शेवट. घरी जाऊन लिहून काढला. मला वाटलं, त्याची कल्पना."

नवऱ्याला वाटलं तिची, कवट्याला वाटलं नवऱ्याची. आणि ती तर माहेरी बादलीवर वाकून बसली होती.

६

सातवा महिना तिने शेवटाशी झटापट करण्यात घालवला.

पहिल्यांदा आवाज हळूहळू कमी करत नेऊन पाहिलं. शेवटपर्यंत ऐकायच्या आतच तिने ते पुसून टाकलं. मग शेवटच्या ठोक्यांच्या प्रती काढून पुढे चिकटवल्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. पण कितीही चिकटवलं तरी कुठेतरी संपणारच होतं. आपण हे काय करतोय, असं ती रोज स्वतःला विचारायची. रोज उत्तर एकच असायचं की यात काही तथ्य नसेल तर बिघडत काहीच नाही, आणि असेल तर दुसरं काहीच हातात नाही.

मग तिला तबकडी आठवली. जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकडीवर शेवटी सुई एका बंद खाचेत जाऊन पडते आणि कोणी उचलेपर्यंत तिथेच गोल फिरत राहते. बहुतेकांच्या त्या खाचेत काहीच नसतं. पण आवाज भरला तर तो संपत नाही.

नवरा आणि कवट्या लगेच कबूल झाले. अल्बम फक्त तबकडीवर काढायचा ही कल्पना कवट्याला इतकी भव्य वाटली, की कादंबरीचा शेवटही बदलतो म्हणाला. नवऱ्याला बायको शांत झाली तर हवीच होती.

तबकडी कोरून देणारे गृहस्थ वयस्कर होते, चष्मा कपाळावर चढवून काम करायचे.

"लोक शेवटी वारा ठेवतात, पाऊस ठेवतात," ते म्हणाले. "तुम्हाला हे धडधडणंच हवंय?"

"हेच हवंय, काका."

"मग ताल जरा ओढावा लागेल. एका फेऱ्यात बरोब्बर चार बसले पाहिजेत, नाहीतर जोडापाशी उडी मारेल."

तिने ते केसभर ओढले. चार बसले. पण खाचेची दोन टोकं जिथे जुळतात, तिथे दर फेऱ्याला एक बारीक 'टच्' येत होतं. गृहस्थांनी दोनदा करून पाहिलं.

"हे नाही जायचं," ते म्हणाले. "एवढं कोणाला ऐकू येणार आहे?"

आठवा महिना संपताना ती नमुन्याच्या तबकडीसमोर खुर्ची टाकून बसली होती. सुई खाचेत फिरत होती, एक हात पोटावर होता. दुपारी एकदा पोटात सगळं स्तब्ध झालं. तिला ते नक्की जाणवलं. ती हलली नाही, तिने कोणाला हाकही मारली नाही. तबकडी फिरत राहिली आणि मग आतून एक लाथ बसली. ती ढसाढसा रडली. सासूबाई धावत आल्या आणि त्यांना वाटलं, कळा सुरू झाल्या.

७

मुलगी झाली. सगळं व्यवस्थित होतं, वजनसुद्धा. सासूबाईंनी विणलेली टोपी घालून ती घरी आली. आईने तिला जवळ घेतलं आणि महिनोन्महिने मनात साठवलेला संशय एका दमात सोडून दिला. आपण घाबरलो होतो. पहिल्या खेपेला बायका घाबरतात. नवऱ्याला तिने तसं सांगितलंही. त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले आणि म्हणाला, "मला माहीत होतं."

नमुन्याची तबकडी तिने गुंडाळून माळ्यावर टाकली. अल्बमच्या प्रती तोवर लोकांच्या घरी पोचल्या होत्या.

मुलगी रांगायला लागली तेव्हा नेहमीच्या तपासणीला नेलं. बाळांच्या डॉक्टरांनी नळी लावली. सुईच्या भीतीने मुलगी टाहो फोडत होती. त्यांनी ऐकलं, घड्याळात बघितलं, पुन्हा ऐकलं.

"शांत झाली की परत बघू," ते म्हणाले.

मुलगी रडून रडून खांद्यावर झोपली. डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली, मग नळी बदलली.

"गंमत आहे," ते म्हणाले. "रडताना ठोके वाढायला हवेत, झोपेत कमी व्हायला हवेत. हिचे तेवढेच आहेत. अगदी तेवढेच." आईचा चेहरा बघून त्यांनी घाईघाईने भर घातली, "म्हणजे वाईट काही नाही. उलट एकदम ठणठणीत आहे पोरगी."

घरी आल्यावर तिने मुलीला पाळण्यात ठेवलं आणि दार लावून घेतलं. खिडकीतून ऊन येत होतं. तिने मुलीचं झबलं वर केलं आणि छातीला कान लावला.

चार ठोके. टच्. चार ठोके. टच्.

ती तशीच वाकून राहिली. रडू आलं नाही. खरं तर एक विचित्र समाधान वाटलं, की चालू आहे, कुठेतरी कोणाकडे तरी सुई फिरतेय आणि चालू आहे. मग तिच्या कानाने आपलं काम केलं. ठोक्यांखाली एक खरखर होती, अगदी पातळ. ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. नव्या तबकडीला ती नसते. सुई पुन्हा पुन्हा एकाच खाचेतून गेली, खाच घासत गेली, की ती येते आणि मग वाढतच जाते.

दार उघडून नवरा आत आला. हातात फोन होता, चेहरा फुलला होता.

"अगं, ऐकलंस का? लोक वेडे झालेत आपल्या तबकडीने. शेवटची खाच बंदच करत नाहीत म्हणे. ढोल थांबू द्यायचा नाही, अशी पैजच लागलीये. एकाने तर गावाला जातानाही चालू ठेवली." मुलगी झोपलीय हे बघून त्याने आवाज खाली आणला. "सगळ्या प्रती संपल्या. कवट्या विचारतोय, अजून थोड्या काढायच्या का?"

लोकांना थांबवावं, तर सुया उचलल्या जातील. चालू द्यावं, तर खाच घासत जाईल. तिने कान उचलला नाही.

"थोड्या नको," ती म्हणाली. "जितक्या निघतील तितक्या काढा. आणि संपल्या की पुन्हा काढा."

तो एवढा खूश झाला की त्याने तिथूनच कवट्याला कळवून टाकलं. तिला अखेर आपलं संगीत आवडलं, असं त्याला वाटलं.